रानकोपऱ्यातलं खारट गुपित

“अजून तीन रोपं गेली!” ढमी बागेच्या फाटकातूनच ओरडली. “कालपर्यंत ठणठणीत होती!”

ढमी नावाचीच ढमी, अंगाने काडी. तिच्यामागे धापा टाकत आला तो ढापण्या, चष्म्याआडून साऱ्या जगाकडे संशयाने बघणारा, आणि त्याची धाकटी बहीण पिटुकली. सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम सार्वजनिक बागेच्या रानकोपऱ्यात होता. वस्तीतल्या लोकांनी दोन वर्षं खपून तिथला राडारोडा उपसला होता, रानातली झाडं आणि गवतं लावली होती. फुलपाखरं परत आली होती. आणि आता बाकाजवळची रांग भराभर करपत चालली होती!

“माळी पाणीच घालत नाही,” असं ढमीच्या आजोबांनी बागेच्या समितीला लेखी कळवलं होतं. आजोबा निवृत्त मुख्याध्यापक. सगळी वस्ती त्यांना हेडसर म्हणायची आणि वचकून असायची. उद्या दहा वाजता समिती येणार होती. माळीकाकांची नोकरी जाणार आणि कोपऱ्यावर फरशी बसणार, असं ऐकू येत होतं.

“दोन्ही वेळा पाणी घालतो रे पोरांनो,” माळीकाका म्हणाले. “पण माझं ऐकतंय कोण?” त्यांचे डोळे भरून आले, तशी पिटुकलीही रडू लागली.

ढापण्या गुडघ्यांवर बसून माती न्याहाळत होता. “ही पांढरी खपली कसली?” बोट लावून त्याने चक्क चाटलं!

“शी! काय रे हे!”

“गप गं! खारट आहे! मीठ!”

नळाचं पाणी चाखलं, तर ते गोडं. म्हणजे मीठ कोणीतरी आणून ओतत होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच तिघं पालापाचोळ्याच्या ढिगाआड दबा धरून बसले. पिटुकलीला शिंक आली, ती ढापण्याने तिचं नाक दाबून परतवली. तेवढ्यात फिरायला येणारे तीन आजोबा बाकावर टेकले. पिशव्यांतून तीन टब निघाले, थर्मासमधलं गरम पाणी निघालं, मिठाची पुडी निघाली. चालून दुखणारे पाय शेकत तिघांच्या गप्पा रंगल्या. थोड्या वेळाने मधले आजोबा उठले. “पाणी वाया घालवू नये,” असं म्हणत त्यांनी आपला टब रोपट्यांच्या मुळाशी रिकामा केला.

मधले आजोबा म्हणजे हेडसर!

आजोबांवर ढमीचा फार जीव होता. पण माळीकाकांचं काय?

“जाऊन सांग ना त्यांना,” ढापण्या कुजबुजला.

“हेडसरांना? त्यांची चूक? तू सांगून बघ!”

ढापण्याने घाईघाईने चष्मा पुसायला घेतला.

“थांबा इथेच!” म्हणत ढमी समोरच्याच आपल्या घराकडे पळाली आणि आजोबांचा लाडका गुलाब कुंडीसकट कवटाळून आली. त्या गुलाबाला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती.

“आजोबा, या दोघांच्या टबातलं पाणी गुलाबाला घालू? वाया कशाला!”

“अगं वेडे, थांब!” आजोबा अनवाणीच धावले. “मीठ आहे त्यात! मरेल ना तो!”

आजोबांनी कुंडीकडे पाहिलं, मग करपलेल्या रांगेकडे.

“ही तर रानटी झाडं... मला वाटलं, यांना काय होतंय...” ते पुटपुटले.

दहाला समिती आली. माळीकाका मान खाली घालून उभे होते.

“माझं पत्र परत द्या,” आजोबा खणखणीत आवाजात म्हणाले. “झाडं मी मारली. या माणसाला उगाच बोल लावला.” आणि सगळ्यांसमोर त्यांनी माळीकाकांपुढे हात जोडले.

“अहो हेडसर, हात कसले जोडता!” माळीकाका पार गडबडले. “घमेलं घ्या! खारट माती काढायची, गोडं पाणी भरपूर सोडायचं. निम्मी तरी वाचतील.”

“फरशीचं आता नाव नको,” सगळी हकीकत ऐकून समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. “आम्हा मोठ्यांना दिसलं नाही, ते या मुलांनी चाखून शोधलं! शाबास!” ढापण्याची कॉलर एकदम ताठ झाली.

माती उपसता उपसता आजोबांनी ढमीला हळूच विचारलं, “मला सरळ येऊन का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं, तर ऐकलं असतंत?”

आजोबांनी फावडं मातीत रोवलं.

“नसतं ऐकलं,” ते म्हणाले. “यापुढे ऐकेन, ढमे.”