गुरुवारचं रक्त

रक्त द्यायला आला होता तो मल्लेश. प्रभुलिंग नुसता त्याच्या सोबतीला आला होता. पण सुई दिसताच मल्लेशचा चेहरा उतरला आणि "जरा फोन घेऊन येतो" म्हणून तो जो बाहेर गेला, तो परतलाच नाही. प्रभुलिंगनं एकदा रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा सुई हातात घेऊन उभ्या असलेल्या संशोधक मुलीकडे.

"माझं चालतंय का बघा की," तो म्हणाला. "रंग तर तोच असेल."

दीक्षाला हसू आलं. संशोधनाला येण्याआधी तिनं पॅथॉलॉजीत नोकरी केली होती. घाबरून पळणारे तिनं पुष्कळ पाहिले होते, पळालेल्याच्या जागी आपणहून बसणारा पहिल्यांदाच पाहत होती. तिनं नेमानं विचारायचे ते प्रश्न विचारले. ताप, सर्दी? जुना काही आजार? रोजची गोळी-औषधं?

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "काही नाही. अक्कलकोटचा माणूस आहे मी, ठणठणीत."

बाही वर सरकवताना त्याची नजर तिच्या हातांवर होती. सुई टोचली तेव्हाही तो तिकडेच पाहत राहिला.

"ह्याचं काय करता तुम्ही?"

"पांढऱ्या पेशी वेगळ्या काढते. त्या कशा चालतात ते बघते."

"त्यांना डोळे असतात?"

"नाक असतं म्हणा. जखम झाली की शरीर तिथून एक रसायन सोडतं. जिकडं त्याचा वास वाढत जातो, तिकडं ह्या धावतात."

"आणि वास सगळीकडंच पसरला तर?"

दीक्षानं मान वर केली. हा प्रश्न पहिल्याच दिवशी कुणी विचारला नव्हता.

"तर कुठं जायचं तेच त्यांना कळत नाही," ती म्हणाली. "म्हणून शरीर संदेश सोडतं आणि तो पुसतही राहतं. काही पेशींवर नुसते गिळणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतात. ते संदेश ऐकत नाहीत, पुढं सांगत नाहीत... गिळून टाकतात. त्यामुळं जखमेपाशी दाट आणि लांब विरळ, हा फरक टिकतो."

"म्हणजे उतार," तो म्हणाला. तो उजनीच्या कालव्यावर अभियंता होता. "उतार नसला की आमचंही पाणी जागच्या जागी हिरवं होतंय. आणि गिळणारे म्हणाल तर आमच्याकडं लई आहेत. अर्ज गिळतात."

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

या पेशी संध्याकाळपर्यंत मरून जात, त्यामुळे प्रयोगाच्या दिवशी सकाळी ताजं रक्त लागे. इतर रक्तदाते येतो म्हणत आणि येत नसत. प्रभुलिंगचा गुरुवार मात्र चुकला नाही. दीक्षा यायच्या आधीच तो वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसलेला असे, आणि ही ओढच आहे असं तिनं मनाशी धरलं होतं. दर वेळी ती तेच प्रश्न विचारी, दर वेळी तो म्हणे, "ठणठणीत." रक्त दिल्यावर दोघं कँटीनमागच्या कडुनिंबाखाली चहा घेत. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

एकदा तिथेच तिनं कप खाली ठेवला. "एक सांगायचंय. शिवशरण आडनावावरून तुला वाटत असेल, मी तुमच्यातली, लिंगायत. आम्ही बौद्ध आहोत."

जुळे सोलापुरात खोली पाहायला गेली असताना, आडनावावरून चौकशी झाली आणि मालकीणबाईंना अचानक राहायला येणारा भाचा आठवला होता. तेव्हापासून आपल्याबद्दलचं आधी सांगून टाकायचं, हा तिचा शिरस्ता झाला होता.

"नंतर कळून उठून जाणार असशील तर आत्ता जा," ती म्हणाली. "चहा मी एकटी संपवते."

"दोन कप प्यायलीस तर झोप यायची नाही," तो म्हणाला, आणि बसून राहिला. तिच्या बोटांशेजारी त्याची बोटं होती... टेकलेली नव्हती, दूरही नव्हती.

घोटाळा प्रयोगात झाला. काही गुरुवारी पेशी रसायनाच्या रोखानं सरळ धावत. काही गुरुवारी जागच्या हलत नसत. तेच द्रावण, तीच नळी, तेच हात. तिच्या मार्गदर्शक, सिद्धेश्वरी मॅडम, शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या हातात सातत्य नाही, दीक्षा. मार्चमध्ये फेलोशिप संपते. तोवर हे बसलं नाही तर प्रबंध उभा राहणार नाही."

दीक्षानं द्रावणं बदलली. पेशी धुण्याची पद्धत बदलली. घरी आरशासमोर पिपेट धरून बोटं थरथरतात का ते पाहिलं. वर्ष सरत आलं, आणि चहाचा कप उचलतानाही ती आता स्वतःच्या हातांकडे संशयानं पाहू लागली.

"तुला बघून थबकत असतील माझ्या पेशी," प्रभुलिंग म्हणायचा. "माझंही तेच होतंय की."

ती हसायची. मग वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस झिमझिमत होता. त्या गुरुवारी दीक्षाला लवकर रिक्षा मिळाली. जिन्याशी येऊन ती थबकली. वर प्रभुलिंग चढत होता. दोन्ही हातांनी कठडा धरून, एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर... एखाद्या म्हाताऱ्यासारखा. वळणावर तो खाली बसला, खिशातून गोळी काढून पाण्यावाचून गिळली. मग त्याची नजर तिच्यावर पडली.

"कधीपासून?" त्याच्यापर्यंत चढून जाऊन तिनं विचारलं.

"कॉलेजपासून. मणक्याचं आहे, सांधे धरतात. कधी बरं असतं. आज... वाईट दिवस आहे."

"गोळी कसली?"

त्यानं नाव सांगितलं. पुढचं दीक्षाला कुणी समजावायची गरज नव्हती. कुठं जखम नाही, तरी त्याचं शरीर हाका मारत होतं. गिळणारे ग्राही तरी किती गिळणार? संदेशात सतत भिजलेल्या पेशी आपले कान आत ओढून घेतात. तिच्या नळीत यायच्या आधीच त्या बहिऱ्या झालेल्या असत. त्यात हे स्टिरॉइड. बऱ्या आठवड्यांत तेवढ्या त्या धावत.

"मी दर गुरुवारी विचारलं, प्रभू."

"घरात ठरलंय, लग्न जमेपर्यंत बाहेर सांगायचं नाही. आई म्हणते, पोरगी घरात आली की हळूहळू कळतंय. दोन स्थळांना तसंच सांगितलं, ठणठणीत. तोंडात बसलंय ते."

"मीही स्थळच होते?"

"पहिल्या दिवशी सवयीनं बोलून गेलो. नंतर... खरं सांगितलं असतं तर तू परत बोलावलं नसतंस."

"रक्तासाठी नसतं बोलावलं," ती म्हणाली. "चहाला बोलावलं असतं."

खिडकीच्या लोखंडी पट्ट्यांवरून पाणी ओघळत होतं.

"आडनाव मी तुला आपणहून सांगितलं. तुला निवड करता यावी म्हणून. आणि तू वर्षभर समोर बसून बघत होतास, मी माझे हात तपासत होते ते. बघत होतास आणि मला हसवत होतास."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, दीक्षा."

हे शब्द तिनं कितीतरी वेळा मनात ऐकले होते. कधी कडुनिंबाखाली, कधी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी. जिन्यावर, गोळीच्या रिकाम्या पाकिटाशेजारी, कधीच नाही.

"माझंही आहे," ती म्हणाली. "त्यानं काय होतंय?"

"मॅडमना मी सांगतो. चूक माझी आहे म्हणून."

"नको. रक्तदात्याचं नाव आम्ही कुणाला सांगत नाही, आजारही नाही. नियम आहे तसा. आईला सांग, काळजी करू नका म्हणावं. माझ्याकडून बाहेर जायचं नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं. तो कठड्याला धरून उठला. हात पुढं करावा, निदान खालपर्यंत सोबत जावं, असं तिला आतून वाटलं; पण ती भिंतीला टेकून राहिली. तो एकेक पायरी उतरत गेला. खालच्या वळणावर विसावला तेव्हा त्यानं वर पाहिलं नाही.

त्याचे सगळे गुरुवार तिनं प्रबंधातून काढून टाकले. उरलं ते फार थोडं होतं. मॅडमनी कारण विचारलं. दाता निकषांत बसत नव्हता, एवढंच ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या विभागातल्या चैतालीनं रक्त दिलं. दुपारी दीक्षा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. पेशी हलल्या, क्षणभर चाचपडल्या आणि मग एकामागून एक सरळ त्या रसायनाच्या दिशेनं निघाल्या. हात बिनचूक होते. वर्षभर बिनचूकच होते.

हे आत्ता, या क्षणी, कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं... आणि ज्याला सांगावंसं वाटलं, ते नाव ओठांवर येण्याआधीच तिनं गिळून टाकलं.