मागचा पंखा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण माझी मावसबहीण थापा मारणारी बाई नाही. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. घरात कुणी भुताखेतांचा विषय काढला की "पुरे तुमच्या गप्पा" म्हणून उठून जाणारी ती पहिली.

तिने मला जसं सांगितलं, तसंच लिहितोय.

आणि हो, रात्र नव्हती. भरदुपार होती. ऐन उन्हाळ्यातली. तिसऱ्या मजल्यावरची खोली. एक टेबल, एक खिडकी आणि कोपऱ्यात तिच्या आईची खुर्ची.

ताई घरांच्या आतल्या सजावटीची चित्रं करते. भिंती, पडदे, उजेड, सगळं कॉम्प्युटरवर. जुन्या कॉम्प्युटरने ऐन कामात मान टाकली, तेव्हा तिने ठरवलं की या वेळी सुटे भाग आणून आपणच जोडायचा. आयुष्यात पहिल्यांदाच.

बाकी भाग पटापट ठरले. घोडं अडलं ते कॉम्प्युटर गार ठेवण्यापाशी. चित्र तयार होत असताना प्रोसेसर तासन्‌तास तापतो. त्याला पाण्याचा कूलर लावावा की हवेचा?

दुकानदार मोठा गमत्या होता.

"पाण्याचा गळला तर रडायला माझ्याकडे येऊ नका. हवेचा घ्या. कॅबिनेटच्या पुढचे दोन पंखे हवा आत ओढतील, मागचा एक बाहेर फेकेल. आपण श्वास घेतो-सोडतो ना, तसंच."

"पण गार किती राहील?"

"खोलीतली हवा जितकी गार, फार तर तितकं. त्याच्या खाली कुठलाच पंखा नेत नाही. मग तो सोन्याचा का असेना!"

हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा.

हवेचाच कूलर घेऊन ती घरी आली आणि तिने सगळं मांडलं. पुढचे दोन पंखे कॅबिनेटमध्येच बसवलेले होते. मागचा मात्र खोक्यातून निघाला तोच पातं मोडलेला. दुकानदाराला फोन केला, तर म्हणे परवा मिळेल. आणि काम उद्या द्यायचं होतं.

तेव्हा तिची नजर टेबलाखाली गेली.

बाबांचं ऑक्सिजनचं मशीन.

बाबा त्याच खोलीत गेले होते. त्याच खिडकीपाशी. मशीन चालू होतं, नळी नाकात होती, डॉक्टर उशाशी होते. कुणी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. तरी शेवटपर्यंत ते "हवा... हवा..." करत राहिले. त्यांना पुरली नाही.

नंतर मशीन बिघडलं. टाकून द्यायचं सगळ्यांच्याच जिवावर येई, म्हणून तिथेच पडून होतं. आतले भाग तापू नयेत म्हणून त्यातही एक पंखा असतो. ताईने झाकण काढलं. तळहाताएवढा काळा पंखा. बारा व्होल्टचाच. स्क्रूची भोकंसुद्धा नेमकी जुळली.

"बाबा, घेते हं," ती हसत म्हणाली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत आई हलली. पण बोलली नाही.

बाबा गेल्यापासून आईने बोलणं टाकलंच होतं. "हो", "नको", बस्स. ताटातले दोन घास चिवडायचे आणि भिंतीकडे बघत बसायचं. ताईला रात्रंदिवस एकच घोर होता. बाबा तर गेले, आता आईही डोळ्यांदेखत हातची चाललीय.

तिने मागचा पंखा बसवला. पंख्यावर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो. बाण बाहेरच्या बाजूला आहे ना, ते दोनदा पाहिलं. कॉम्प्युटर चालू केला. मग कागदाची एक पट्टी फाडून पुढच्या जाळीसमोर धरली. पट्टी जाळीला चिकटली. बरोबर. हवा आत जातेय.

मग तीच पट्टी मागे धरली. आता ती बाहेर उडायला हवी होती.

पट्टी फडफडली... आणि जाळीला घट्ट चिकटली.

बाण चुकीचा छापला असेल, असं तिला वाटलं. कॉम्प्युटर बंद करून तिने पंखा काढला, उलटा करून बसवला, कॉम्प्युटर चालू केला आणि पुन्हा पट्टी धरली.

पट्टी पुन्हा चिकटली.

हवा पुढून आत जात होती. मागूनही आतच जात होती.

बाहेर कुठूनच येत नव्हती.

विचार करत बसायला वेळ नव्हता. तिने चित्र तयार व्हायला लावलं. अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, खोली नुसती भाजत होती. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान दिसत होतं. ते वर चढायला हवं होतं.

पन्नास... चाळीस... तीस...

एकोणीस.

तिला दुकानदाराचं वाक्य आठवलं. तिने कूलरच्या पत्र्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. इतका तो गारठलेला होता.

मग तिचं लक्ष आवाजाकडे गेलं.

पंखा एका लयीत फिरतो. हा थांबत होता. दोन आखूड झोत... मग शांतता... मग एक लांब झोत, आणि शेवटी बारीक कण्हल्यासारखं काहीतरी.

तीन वर्षं ताईने हा आवाज बाबांच्या उशाशी बसून ऐकला होता.

"आले का गं हे?"

आई उभी होती. कित्येक महिन्यांत तिने उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

आईने खुर्ची ओढत आणली आणि कॅबिनेटच्या मागे, पंख्याला तोंड करून बसली. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. हळू आवाजात काहीबाही सांगत राहिली, मध्येच हसली. ताई भेदरली होती. पण खरं सांगायचं तर सुखावलीही होती. भास म्हणा नाहीतर आणखी काही, आई जेवतेय ना! काम वेळेवर गेलं, नवा पंखाही आला. तो खोक्यातच राहिला.

पुढच्या काही दिवसांत आईला चार पावलं चालताना धाप लागू लागली. मग ओठ निळसर दिसू लागले. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले. छाती साफ होती. "वय झालंय," ते म्हणाले.

ताईने आईजवळ कान नेला.

दोन आखूड श्वास... शांतता... एक लांब.

तिने कागदाची पट्टी आईच्या तोंडाजवळ धरली. आईने श्वास सोडला. पट्टी पंख्याकडे झुकली. आईने श्वास घेतला. पट्टी तिच्याकडे यायला हवी होती.

ती तेव्हाही... पंख्याकडेच झुकली.

"आई, ऊठ तिथून! आत्ताच्या आत्ता ऊठ!"

"घेऊ दे गं त्यांना. पुरली कुठे त्यांना हवा?"

"आणि माझं काय? मला कोण आहे तुझ्याशिवाय?" ताई ओक्साबोक्शी रडत होती. आईने नुसती तिच्या गालावरून बोटं फिरवली. बर्फासारखी गार बोटं.

ताईने सरळ प्लग उपटला.

पडदा काळा झाला. पुढचे पंखे थांबले. मागचाही थांबला.

आणि आईही...

अर्धा श्वास घेतलेला, तोंड उघडं, डोळे ताईवर. छाती हलेना. ताईने तिला गदागदा हलवलं, हाका मारल्या, छाती चोळली. काही नाही. ओठ काळेनिळे पडत चालले. शेवटी ताईने धडपडत प्लग पुन्हा खुपसला आणि बटण दाबलं.

पंखा फिरला.

आईने श्वास घेतला. दोन आखूड... शांतता... एक लांब.

त्या दिवसापासून तो कॉम्प्युटर बंद झालेला नाही. वीज गेली तर म्हणून दोन यूपीएस लावलेत. एकदा आईला हॉस्पिटलात न्यायला गाडी बोलावली, तर दारापर्यंत नेताच तिचे डोळे पांढरे झाले. तशीच परत आणली. ताई आता दिवसभर पंख्यांबद्दल वाचत असते. कुठला किती वर्षं फिरतो, कशाने झिजतो, कशाने अडकतो.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. खोलीत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. बाहेर ऊन, आत थंडी. आईने, म्हणजे माझ्या मावशीने, मला ओळखलं. हसली. ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"खडखडायला लागलाय रे तो. चालू असताना तेल घालता येतं का? एक क्षणही न थांबवता?"

मला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं, म्हणून तिने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

"मग बाबांना तरी सांग," ती माझा हात घट्ट धरून म्हणाली. "सोडा म्हणावं तिला. माझं ऐकत नाहीत ते."

मी पंख्यासमोर उभा राहिलो. "काका..." एवढंच म्हटलं. खाली मान घालून निघून आलो.

काल दुपारी तिचा फोन आला.

"खडखड थांबली," ताई म्हणाली.

"पंखा बंद पडला?"

"नाही. चांगला फिरतोय. आईची एकटीची हवा... पुरत नव्हती त्यांना. मी माझी खुर्ची... तिच्या शेजारी ओढली. आईचे ओठ आज... जरा लाल दिसतायत."

मी ओरडलो, "ताई, तिथून ऊठ!"

फोन चालूच होता. मी कान देऊन ऐकत राहिलो.

दोन आखूड श्वास...

शांतता...

एक लांब.

तो श्वास कुणाचा होता, मला अजून कळलेलं नाही. आज सकाळपासून मी तिला फोन लावतोय. रिंग वाजते, कुणी उचलत नाही. मी आता तिकडेच निघालोय.