चिचटोल्याची निरीक्षण विहीर

वीज गेली की आळीतली पोरं श्यामरावांच्या ओट्यावर जमत आणि श्यामराव देवाजीची हकीकत सांगत. तिला गोष्ट म्हटलेलं त्यांना खपत नसे. "देवाजी अन् मी साकोलीत तीन वर्षं एका खोलीत राहिलो," ते म्हणत. "त्याले खोटं बोलता येतच नव्हतं. येतं असतं त लय सुखी झाला असता." मग विडी विझवून ते सुरू करत.

देवाजीचं काम विहिरी मोजायचं. वर्षातून चारदा सायकलला टेप लटकवून तो तालुक्यातल्या ठरलेल्या विहिरींवर जाई. टेपच्या टोकाला लोखंडी वजन. वजनाच्या वर टेपला खडू फासायचा, टेप आत सोडायचा आणि वर ओढला की खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. तो आकडा कागदावर मांडायचा आणि कागद भंडाऱ्याला पाठवायचा. कोणत्या शिवारात जमिनीखाली किती पाणी उरलं, आणखी किती विहिरी खोदू द्यायच्या, ते त्या आकड्यांवरून ठरे. या कामाला विहीर लागते ती बिनवापराची. रोज उपसा असलेल्या विहिरीचा आकडा काही खरा नसतो.

चिचटोल्याच्या विहिरीचं पाणी कोणी काढत नसे. कारण तिच्यात कवडू होता.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला, तेव्हा गावानं ती विहीर खोल करायला घेतली. कवडू तेव्हा बावीस वर्षांचा. बेचाळीस फुटांवर, तळाशी खणत होता. एका घावासरशी झरा फुटला, बाजूची दरड कोसळली आणि पाणी सरसर वर चढलं. वर ओढणाऱ्यांच्या हाती नुसता दोर आला. गावानं तीन दिवस उपसा केला. पाणी हललं नाही.

त्याची आई चंद्रभागाबाई. विधवा, एकुलत्या एका पोराची माय. देवाजी मोजायला आला की ती आधीच विहिरीच्या काठावर येऊन बसलेली असे. तिला कसं कळे कोण जाणे.

"पानी किती खाली गेलं, बाबू?"

"चौदा फुटांवर हाये, मावशी."

"मंग अजून अठ्ठावीस रायले."

सगळं गाव पाणी चढावं म्हणून देवाला नारळ बोले. ही एकटीच ते आटावं म्हणून बोले. "हाडं गवसली त पवनीले नेऊन वैनगंगेत सोडीन," ती म्हणे. "तवरी मले मरता नाई येत रे."

आणि ते पाणी आटत नव्हतं. मे महिन्यात शिवारातल्या बाकी विहिरींना नुसता चिखल उरे. हिचं पाणी चौदा फुटांवर तसंच. एकदा देवाजीच्या मनात आलं, म्हातारीला वीस फूट सांगावं, तेवढंच तिचं मन राहील. ओठांवर आलंही होतं. पण तोंडून निघालं, "चौदा."

तर मुद्द्याची रात्र. एक जून एक्याऐंशी, सोमवार. अमावस्या दुसऱ्या दिवशी. पावसाआधीचे आकडे सकाळच्या डाकेनं जायचे होते आणि एकटी चिचटोल्याची विहीर राहिली होती. देवाजी दुपारीच निघाला, पण वाटेत सायकलची साखळी तुटली. लोटत लोटत, एका लोहाराकडून ती जोडून घेऊन पोचायला साडेसात झाले. उजेड गेला होता. गाव पुढे चार शेतं. विहीर अलीकडे, बांधावर.

काठावर कोणी नव्हतं.

आठ वर्षांत पहिल्यांदा. देवाजीला उगाच चुकल्यासारखं झालं. त्यानं बॅटरी दगडावर ठेवली, खडू फासला, टेप सोडला.

चौदा फुटांवर वजन पाण्यावर आदळून 'डुब' असा आवाज यायचा. आला नाही.

वीस. तीस. टेप सरसरत जात राहिला. चाळीस... बेचाळीसला वजन टेकलं. खट्. कोरड्या दगडावर.

देवाजीनं टेप वर ओढला. खडू जसाच्या तसा. पांढरा. कोरडा. बॅटरी आत धरली, तर उजेड तळापर्यंत पोचलाच नाही. खात्री करायला त्यानं टेप पुन्हा सोडला. आटली! मावशीचं पाणी आटलं! आता धावत जायचं आणि तिला सांगायचं.

वजन तळाला टेकलं.

आणि खालून कोणीतरी टेप धरला.

ओढला नाही. नुसता धरला. लहान पोरानं माणसाचं बोट धरावं तसा.

देवाजी हलला नाही. मग टेप सैल पडला. सैल पडला म्हणून हातानं सवयीनं गुंडाळला. पुन्हा सैल. पुन्हा गुंडाळला. बॅटरीच्या उजेडात आकडे सरकत होते. अडतीस... तेहतीस... सत्तावीस...

टोक धरून कोणीतरी वर येत होतं.

वीस.

ओल्या मातीचा वास.

बारा... नऊ...

सहा फुटांवर टेप थांबला. आत दगडावर पाणी ठिबकत होतं. टप्... टप्... कोणी बोलत नव्हतं. पण कशाची तरी वाट पाहत होतं, आणि त्या काळोखाला काय विचारायचंय ते देवाजीला उमगलं. आठ वर्षं त्यानं फक्त मायचा प्रश्न ऐकला होता. आज लेक विचारत होता, माय कुठं.

"मावशी..." त्याचा आवाज फुटला. "मावशी आज आली नाई, बापू... घरीच असन... गावातलं पहिलं घर..."

टेप हलका झाला.

बाजूनं गारवा गेला. गावाच्या दिशेनं. बॅटरी विझली नाही, पान हललं नाही. कुत्री तेवढी एकदम भुंकायची थांबली.

किती वेळ गेला ते देवाजीला कळलं नाही. मग तो धावला.

चंद्रभागाबाईच्या अंगणात चार-सहा माणसं कंदील ठेवून बसली होती. दाराला बाहेरून कडी. शेजारची शकुनबाई उठून पुढे आली.

"उशीर केला, बाबू. दुपारी बाराले गेली बुढी. दिवस बुडायच्या आधी माती देऊन आले सारे."

"विहीर आटली," देवाजी म्हणाला. "बेचाळीस फूट. कोरडी. मी तिले सांगाले..."

तो हमसून हमसून रडला. सख्खी माय गेल्यासारखा.

म्हातारे गोमाजी पाटील कंदील घेऊन उठले, सोबत आणखी दोघं. देवाजीला धरून विहिरीवर नेलं. टेप काठावर पडला होता. गोमाजींनी स्वतः सोडला.

डुब.

चौदा फूट. आत पाहिलं तर कंदील खालून त्यांच्याकडे पाहत होता.

कोणी देवाजीला खोटं म्हटलं नाही. गोमाजी एवढंच म्हणाले, "लेह, बापू. जे दिसते ते लेह." देवाजीनं कागदावर चौदा लिहिलं.

परत आले तेव्हा नऊ वाजून गेले होते. ज्या जागी म्हातारीचा जीव गेला तिथं लावलेल्या दिव्यात तेल घालायला शकुनबाईनं कडी काढली. "सांजीले म्याच सारवलं जी," ती सांगत होती, "मंग कडी लावली, कोणाले आत जाऊ नाई देल्लं, मी दारातच..."

तिची नजर जमिनीवर गेली.

गोमाजींनी कंदील वर धरला.

सारवण ओलं होतं. त्यावर पावलं उमटली होती. दारातून आत, दिव्याजवळच्या रिकाम्या जागेपर्यंत. जवान गड्याची, अनवाणी, करड्या गाळानं भरलेली. तसला गाळ त्या गावात जमिनीवर कुठंच नव्हता.

तिथून ती वळून दाराकडे आली होती.

आत गेलेली पावलं एकाची. बाहेर आलेली दोघांची... दुसरी बारीक, म्हाताऱ्या बाईची. अगदी लागून.