दारामागची हजेरी

तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज आटोपली की लेक पुढच्या खोलीत सतरंजी अंथरायची, ग्रंथ ठेवायची लाकडी रिहल मांडायची आणि तिच्यावर अब्बांची तफसीर उघडायची. तफसीर म्हणजे कुराणाचा अर्थ उलगडून सांगणारं भाष्य. हे हस्तलिखित अब्बांना त्यांच्या उस्तादांकडून मिळालं होतं आणि ते नुसतं चाळून भागत नसे. शिकणाऱ्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचं, उस्तादांनी ऐकायचं, आणि मागच्या कोऱ्या पानावर हजेरी लिहायची. कोणी वाचलं, कोणी ऐकलं, कोणाची बैठक चुकली, कोणाला मध्येच डुलकी लागली, सगळं. तेव्हा कुठे तो ग्रंथ दुसऱ्याला शिकवायची परवानगी मिळे.

ती अकरा वर्षं अब्बांसमोर वाचत होती. अब्बा तसे भारी खट. चूक कुठे झाली ते कधी सांगायचे नाहीत. हातातली पेन्सिल रिहलीवर एकदा आपटायची. टक. मागे जा, तुझी तू शोध. दोनदा टकटक झाली की बैठक संपली, ग्रंथ मिटायचा. गोड बोलणं त्या माणसाला जमलंच नाही. तिने ती टकच माया म्हणून घेतली होती.

अब्बांची विधवा बहीण, फुफू, स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून ऐकायची. अरबीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, तरी हजेरी तिचीही लागे. अकरा वर्षांत तिची एकच बैठक चुकली, डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी. त्या दिवशीचा भाग यूसुफ पैगंबरांच्या वडिलांचा होता. हरवलेल्या मुलाचा सदरा अजून वाटेतच, मैलोन्‌मैल दूर, आणि इकडे आंधळ्या बापाला मुलाचा वास आला. तो वास एवढ्या लांब पोचला कसा, यावर भाष्यकारांची चार मतं होती.

"तुझी एक बैठक राहिलीय," अब्बा तिला चिडवायचे. "भरून घेतल्याशिवाय सोडणार नाही हं."

"घ्या की भाईजान. मी कुठे पळून चाललेय?"

ग्रंथाचं शेवटचं एक पान राहिलं आणि अब्बा गेले.

दीड महिन्याने तिने रिकाम्या आसनासमोर ते पान वाचायला घेतलं. पान कुराणातल्या शेवटच्या सूरेचं, म्हणजे अध्यायाचं होतं. माणसाच्या मनात कुजबुजून लपून बसणाऱ्या सैतानापासून आश्रय मागणारी ती सूरा. आयती, म्हणजे मूळ कुराणातली वचनं, तिने नीट म्हटल्या. खालच्या भाष्यात तिसऱ्या ओळीला जीभ अडखळली, आणि...

टक.

पेन्सिल रिहलीशेजारी होती तशीच पडून होती. खोलीत मात्र नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास भरला होता. सवयीने ती मागे गेली, चूक शोधली, दुरुस्त केली. आवाज पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम चूक केली. आयतीत नाही, तेवढं पाप तिच्याने झालं नसतं. भाष्यात केली. टक. तिसऱ्या दिवशी दोन चुका केल्या. पान संपत आलं की ती थांबायची आणि उद्या पुन्हा वरून सुरुवात करायची. पान संपलं की बैठक संपणार, आणि बैठकच नसेल तर अब्बा कशाला येतील? ते एक पान तिने दोन महिने पुरवलं.

फुफूला टक ऐकू येत नव्हती. लेकीचं थांबणं तेवढं ऐकू येत होतं.

"कोण असतं गं तुझ्यासमोर?"

"अब्बा."

फुफूचा पिठातला हात थांबला. "गेलेला माणूस परतून येत नाही, बेटा. मग ते जे ऐकतंय... ते कोण आहे?"

"चुका बरोब्बर पकडतात."

"चुका पकडायला बापच लागतो होय? आणि ते पान कशावर आहे, ते तूच मला सांगितलंस ना..." फुफूने आवाज खाली आणला. "संपव ते. माझ्यासाठी संपव."

दुसऱ्या दिवशी तिने पान पुरं केलं. एकही चूक केली नाही, आणि वाचताना डोळे पुसायलाही थांबली नाही. प्रत्येक मतभेदाच्या शेवटी असायचे तेच शब्द ग्रंथाच्याही शेवटी होते. खरं काय ते अल्लाह जाणे. मग ती दोनदा टकटक व्हायची वाट बघत बसली. काही झालं नाही. उन्हाची तिरीप सतरंजीवरून भिंतीवर चढली. शेवटी आपली हजेरी आपणच लिहावी म्हणून तिने मागचं पान उलटलं.

हजेरी लिहिलेली होती. पेन्सिलीने, अब्बांच्या बारीक अक्षरात.

*वाचणारी, माझी लेक. एकही बैठक चुकली नाही.*

*ऐकणारी, माझी बहीण. एक बैठक बाकी. आज, मगरिबच्या आधी.*

तिला आधी भीती वाटली नाही. आधी, अल्लाह माफ करो, हेवा वाटला.

आतून फुफूचा आवाज आला. "आले, आले भाईजान. हाताचं पीठ तरी धुऊ द्या..."

नळ सुरू झाला. आणि नळाच्या आवाजाखाली कोणीतरी सावकाश वाचू लागलं.

अब्बांचा आवाज होता. किंचित घोगरा, प्रत्येक शब्दाला पुरता वेळ देणारा. दोन महिने तिला नुसती टक मिळाली होती. यूसुफचा सदरा, वाट, वास. पहिलं मत. दुसरं मत...

तिने धावत आत जायला हवं होतं, फुफूचा हात धरून तिला बाहेर ओढायला हवं होतं. हे तिला कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं. ती दारापाशी गेली, कडीला हात लावला आणि तशीच उभी राहिली. दार उघडलं आणि आवाज थांबला तर? फुफू अकरा वर्षं जिथे टेकून उभी राहायची, तिथेच दाराच्या या बाजूने तिने कपाळ टेकलं. एवढं तिसरं मत होऊ दे. एवढं चौथं... शेवटी शेवटी पाण्याचा आवाज वाढला आणि त्यात शब्द बुडाले.

मग आत, लाकडावर, दोनदा टकटक झाली.

फुफू स्टुलावर भिंतीला टेकून बसली होती. हात धुतलेले होते, अजून ओले होते. सूर्य बुडून मगरिबची अजान सुरू झाली तेव्हा लेकीने नळ बंद केला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. दारापाशी उभं राहिल्याचं तिने कोणालाच सांगितलं नाही.

चार-पाच दिवसांनी, आलेली माणसं परत गेल्यावर, तिने ग्रंथ उघडला. फुफूच्या नावापुढची बाकी खोडलेली होती. खाली एक ओळ वाढली होती.

*माझी लेक. ही बैठक दारामागून. शेवटचे शब्द ऐकू आले नाहीत. तेवढे बाकी.*

पुढे तारीख नाही. पेन्सिलीचंच अक्षर आहे, रबराने सहज जाईल. रबर तिच्या हाताशीच असतं. ती ओळ तिने अजून खोडलेली नाही.