चिखलाने माखलेला चेहरा

धाकट्या भावाचं, तुरेईचं, ते पत्र पाओराने दारातच उभ्याउभ्या वाचलं होतं... आणि त्याला उत्तर काही लिहिलं नव्हतं. ‘दादा, तू फक्त हो म्हण, मी सगळ्यांना खरं सांगून टाकतो,’ एवढंच त्यात होतं. एवढंच! पण त्या एका ओळीला काय म्हणावं, हे सिडनीतल्या दोन खोल्यांत एकट्याने राहणाऱ्या पाओराला केस पिकेपर्यंत सुचलं नाही.

न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावात रग्बी म्हणजे युनियनची, पैशाला न शिवता खेळायची. लीग हा रग्बीचाच दुसरा प्रकार, त्यात पैसे मिळत. म्हणून लीग खेळला तो बाटला! त्याला जन्माची बंदी; क्लबात घोटभर चहासुद्धा नाही.

तुरेईची देशाच्या संघात निवड झाली आणि त्याच सुमारास ऑकलंडच्या वर्तमानपत्रात एक फोटो आला. खोट्या नावाने लीगचा सामना खेळलेला कुणी गडी, चेहरा चिखलाने माखलेला. खांद्यांची ठेवण मात्र त्यांच्याच घरातली! क्लबाच्या अध्यक्षांनी घरी येऊन दोघा भावांना समोर उभं केलं. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात रताळ्यांचं पातेलं.

“बोला, कोण हा?”

तुरेई एक पाऊल मागे सरकला. त्याचं ते पोरकट, भेदरलेलं तोंड पाओराला पाहवेना.

“मी.”

“तू? अरे, आपला एक सामना चुकला तर तुला ताप भरतो!”

“हाव सुटली, काका,” पाओरा खाली मान घालून म्हणाला.

आईने पातेलं दाणकन आपटलं. “माझ्या बापाने या मैदानातले दगड वेचले रे... आणि तू स्वतःला विकलंस!”

तुरेई बोलेल, आता तरी बोलेल, म्हणून पाओराने त्याच्याकडे पाहिलं... तुरेई बोलला नाही.

मग उरलं काय? सिडनीला जाऊन पाओरा खरोखरच लीग खेळला, वर्षानुवर्षं खेळला. तुरेईचं ते एका ओळीचं पत्र तिथेच, पहिल्या वर्षी आलं होतं. हजारो लोक त्याच्या नावाने ओरडत. सामना संपला की बाकीच्यांची माणसं फाटकाशी थांबलेली असत, आणि तो पिशवी खांद्याला लावून गर्दीच्या कडेकडेने निघून जाई. आईने पुन्हा त्याला हाक मारली नाही. ती गेली तेव्हा त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्या शवाशेजारी दोघे भाऊ तीन दिवस बसले, तेव्हाही हुंदक्यांखेरीज दोघांच्या तोंडून शब्द फुटला नाही!

पुढे काळ पालटला. युनियनवालेही पैसे घेऊ लागले, बंदी उठली. पण पाओराला परत बोलावणारं होतं कोण?

एके दिवशी बहिणीचा, हिरियाचा, फोन आला.

“इतका वेळ लागतो उचलायला? मी तर मयताचे काळे कपडे शोधायला निघाले होते!”

“जिवंत आहे. बोल.”

“दादा... शनिवारी क्लबात तुरेईचा सत्कार होता. हार गळ्यात, आणि हा उठून म्हणाला, फोटोतला माणूस मी होतो, माझा दादा नव्हे... आणि ढसाढसा रडला रे!”

“त्याला... कुणी विचारलं होतं?”

“कोण विचारणार? सगळे विसरून गेले होते! आता मात्र गाव त्याच्याशी बोलत नाही. परसात एकटाच बसून असतो. म्हटलं, दादाला फोन कर. तर म्हणतो, दादाने उत्तर दिलं नाही ते बरोबरच केलं.”

फोन ठेवल्यावर पाओरा लहान मुलासारखा रडला. मग कागद ओढला.

‘तुरेई, हो म्हटलं असतं तर तुझा खेळ संपला असता. नको म्हटलं असतं तर ते मनातलं नसतं. मला न विचारता तू सांगावंस, एवढंच मला हवं होतं... ते तू केलंस. आता एकटा बसू नकोस. ते मला जमतं, तुला जमायचं नाही. मी येतोय. दोघं मिळून क्लबात जाऊ; बघू कोण बाहेर काढतो!’

टपाल कार्यालयातल्या मुलीने पाकीट उलटसुलट पाहिलं. “साधं पाठवू, आजोबा, की लवकर पोहोचणारं?”

“लवकर पोहोचणारं,” पाओरा म्हणाला, आणि शिक्का बसेपर्यंत खिडकीपासून हलला नाही.