नाव घ्यायचं राहिलं

बेलापूरला, सरकारी कचेऱ्यांमागच्या चहाच्या टपरीवर अक्षता मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "अगं, सुकी मासळी विकते मी. साइट उघडली की आधी धोक्याची पाटी, आणि तरी पुढे गेलं की उपवासाची कचोरी. आई विचारते, आपला दुकान हाय का देऊल?"

शेजारच्या मुलाला चहाचा ठसका लागला.

"करावे गावची सुकी मासळी, ती साइट... तुमची?" तो डोळे पुसत म्हणाला. "मी धम्मपाल. तुमची साइट माझ्याच सर्व्हरवर आहे."

आतापर्यंत हा माणूस म्हणजे फोनवरचा नुसता आवाज होता. त्या आवाजाला गालावर खळी असेल, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ठरवून आणलेलं भांडण काही केल्या आठवेना.

वर ऑफिसात त्याने समजावलं. "सर्व्हर एकच, साइट बऱ्याच. सोसायटीसारखं. गेट एक, पण घरं तितकी कुलपं, म्हणजे सर्टिफिकेटं. येणाऱ्याने गेटवरच नाव घ्यायचं, कोणाकडे जायचंय ते. तुमचं कुलूप बदलताना मी नाव लिहायला चुकलो."

"मग?"

"नाव जुळलं नाही, की सर्व्हर यादीतल्या पहिलीला पुढे करतो."

"पहिली कोण?"

"सुचित्रा," तो कीबोर्डवरून नजर न काढता म्हणाला. "ती कायम पहिली."

साइट दुरुस्त झाली. अक्षता मात्र बिघडली.

आता त्याचे मेसेज येऊ लागले. 'कुलूप नीट लागतंय ना?' हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं. आणि एका दुपारी नुसतंच, 'जेवलीस का?'

ती गोंधळली. हे आपल्याला, की सुचित्राला? तिथे नाव जुळलं नाही म्हणून इकडे आलं असेल? दोन दिवस तिने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं... त्यातच रविवारी उरणहून पाहुणे तिला बघायला येणार होते. येऊ देत की नको, हे आईला आजच सांगायचं होतं. नको म्हणायचं तर कोणाच्या भरवशावर?

शेवटी ती थेट ऑफिसात गेली. तिथे पिकल्या केसांच्या एक बाई डबा उघडून बसल्या होत्या.

"या सुचित्राकाकू," धम्मपाल म्हणाला. "उपवासवाल्या. सर्व्हरवरची पहिली साइट, 'सुचित्रा', ती यांचीच."

"तू होय ती बोंबीलवाली?" काकू म्हणाल्या. "ऐन एकादशीला मला जवळ्याचा भाव विचारत होते लोक." तिच्या हातावर कचोरी ठेवून त्या निघून गेल्या.

अक्षताला हसावं की लपावं कळेना. पण आलीच होती, तर...

"परवाचा मेसेज कोणासाठी होता?"

"कुठला?"

"जेवलीस का. त्यात नाव नव्हतं."

तो उगाच माऊस सरकवत राहिला. "मला वाटलं, कळेल..."

"कसं कळेल? आधी नाव घ्यायचं, हे तूच शिकवलंस ना? लग्नात बायका भरल्या मांडवात नाव घेतात. इथे तर कोणी नाहीये."

त्याचे कान लाल झाले. "अक्षता," तो म्हणाला, आणि तिला आपलंच नाव नवं वाटलं. "अक्षता, तुझ्यासाठीच होता. सगळे तुझ्याचसाठी होते. मला तू आवडतेस."

तिला इतकं बरं वाटलं, की हातातली कचोरी चुरली. तिने तिथेच आईला फोन लावला.

"आई, उरणच्या पाहुण्यांना नको सांग."

"का गो? दुसरा कोन हाय?"

धम्मपाल श्वास रोखून तिच्याकडे बघत होता. आता नाव घ्यायची पाळी तिची होती.

"धम्मपाल," ती म्हणाली. "आपल्या साइटवाला."

पलीकडे आईचा आवाज चढला.

"मंजे... तो कचोरीवाला?"