लाल बटणावरचा अंगठा

ही हकीकत खरी आहे. देवापुढं निरांजन लावून लिहायला बसले आहे, पदरचं काही घालणार नाही.

तळवड्याचे ज्योतीराम मामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, पिंपरीत एका रंगाच्या कारखान्यात वायरमन होते. साल १९५८. खंडेनवमी.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

कारखान्यात रंग घोटायचा लोखंडी ढोल होता, माणूस आत उभा राहील एवढा. मोटरीवर फिरायचा. हिरवं बटण दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. कुणी लाल दाबून धरलं, तर हिरवं कितीही दाबा, ढोल जागचा हलत नसे.

त्याच ढोलात श्रावणात बिरू नावाचा कामगार गेला. आत बसून वाळलेला रंग खरवडत होता, आणि कुणीतरी हिरवं बटण दाबलं.

कुणी, ते चौकशीत निघालं नाही. बिरूची आई तानाबाई दर अमावास्येला फाटकाशी येऊन विचारायची, "कुनी दाबलं रं?"

मामा खाली बघून आत जायचे.

दाबणारे तेच होते. बिरू बाहेर आला असेल, असं वाटलं होतं...

तेव्हापासून कारखान्यात रीत पडली. ढोलात उतरणाऱ्यानं आधी ढोलाच्या विजेच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे आणि आपल्याच खिशात ठेवायचे.

त्या दिवशी यंत्रांची पूजा झाली. नारळ फुटला, पेढे वाटले. मग फोरमन दौलतराव म्हणाले, "ज्योतीराम, परवा माल चढवायचाय. तेवढा ढोल खरवडून टाक."

"आज हत्याराला हात लावत न्हाईत, साहेब."

"मग हत्याराला नको, ढोलाला लाव. देवानं विचारलं तर माझं नाव सांग!"

मामा गेले. भिंतीवर दोन पेट्या शेजारी शेजारी, एक ढोलाची, एक पंपाची. दोन्हींवर झेंडूचे घसघशीत हार. सवयीच्या हातानं मामांनी फ्यूज काढले, खिशात टाकले आणि आत उतरले.

खरवडायला लागले. खर्र... खर्र...

आणि बाहेर...

खट्.

हिरव्या बटणाचा आवाज. मामांच्या हातातली खरवडायची पट्टी गळाली.

पुन्हा खट्.

ढोल हलला नाही.

"आयला, फिरत का नाही हा?" दौलतरावांचा आवाज.

"साहेब, मी आत हाय!"

मामा बाहेर आले तेव्हा दौलतरावांचा चेहरा पांढरा पडला होता. "अरे, मला वाटलं तू जेवायला गेलास! ढोलाचं तोंड खाली घ्यावं म्हटलं..."

"फ्यूज तर माझ्या खिशात हायत. फिरंल कसा?"

मामांनी फ्यूज काढलेल्या पेटीवरचा हार बाजूला सारला.

खाली पाटी होती, 'पंप'.

ढोलाच्या पेटीतले तिन्ही फ्यूज जागच्या जागी होते. वीज चालू होती.

मग ढोल फिरला का नाही?

दोघांची नजर एकदमच लाल बटणावर गेली.

ते आत गेलेलं होतं. पूर्ण आत. बोट काढताच स्प्रिंगनं वर येणारं बटण... वर येत नव्हतं.

जवळ कुणी नव्हतं.

बटणावर ओल्या शेंदरी रंगाचा ठसा होता. अंगठ्याचा. अर्ध्याच अंगठ्याचा.

बिरूचा उजवा अंगठा फार पूर्वीच मशीनच्या पट्ट्यात सापडून पेरापासून तुटला होता. सगळा कारखाना ते जाणून होता.

"कुणी अडकवलंय हे?" दौलतरावांनी विचारलं.

मामांच्या ओठांवर नाव आलं. त्याच्या मागं दुसरं वाक्यही आलं, तानाबाई जे मागत होती ते. पण घरी बायको होती, पोर होतं. मामा म्हणाले,

"स्प्रिंग अडकली आसंल, साहेब."

टक्.

बटण वर आलं. कुणी सावकाश अंगठा उचलावा, तसं.

मामांनी हे वीस वर्षांनी आईला सांगितलं, अंथरुणाला खिळल्यावर. तानाबाई तेव्हा केव्हाच गेली होती. मामांचा उजवा अंगठा खाटेच्या लाकडावर घट्ट दाबलेला असायचा. जेवतानाही काढायचे नाहीत.

आई म्हणायची, "ज्योती, सोड की रे हात."

"सोडू कसा, अक्का? आत मानूस हाय..."

"कोण आहे आत?"

मामा अंगठा आणखी घट्ट दाबायचे.

ते गेले त्या दिवशी खाट पुसायला मी बसले. लाकडावर शेंदरी डाग होता. पाण्यानं गेला नाही, रॉकेलनंही गेला नाही.

ठसा अर्धाच होता.

मामांचा अंगठा तर पुरता होता...